पहिल्या दिवसाचे तज्ज्ञ

कराडच्या मावशीच्या फोनवर वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ आहे. फोन घेऊन चौदा महिने झाले होते. रात्री अपडेट टाकून तिने तो चार्जिंगला लावला, सकाळी उठून बघते तर रेघ. वॉरंटी एका वर्षाची, ती संपलेली. डिस्प्ले बदलायला सर्व्हिस सेंटरवाल्याने जो आकडा सांगितला त्यात थोडी भर घातली असती तर नवा फोन आला असता. मावशीने मला फोन केला तेव्हा आवाजात तक्रार अजिबात नव्हती. "तूच सांगितला होतास ना घ्यायला, म्हणून म्हटलं तुलाच विचारावं, आता काय करू?"

सांगितला होता खरा. नुसता तिलाच नाही, एका दैनिकाच्या पुरवणीत साडेपाचशे शब्द लिहून सगळ्या जिल्ह्याला सांगितला होता. तेव्हा मी दर आठवड्याला 'कोणता फोन घ्यावा' छापाचं सदर लिहीत असे. कंपनीच्या प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या एजन्सीकडून कुरियरने फोन यायचा, सोबत प्रसिद्धिपत्रक. आठ-दहा दिवस वापरायचा, डबा पुन्हा नीट बंद करायचा आणि परत पाठवायचा. तो फोन मी नऊ दिवस वापरला. कंपनीचा मी एका पैशाचाही मिंधा नव्हतो आणि लेखातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. डिस्प्ले सुंदर होता, कॅमेरा किमतीच्या मानाने उत्तम होता, चार्जिंग झटपट होत होतं. मावशी मात्र तो तीन-चार वर्षं वापरणार होती. त्या तीन-चार वर्षांबद्दल मला काहीही माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हेही मी लिहिलं नाही.

तंत्रज्ञानाच्या बाबतीत विश्वासू तज्ज्ञ कोणाला म्हणायचं, ही चर्चा आपल्याकडे फक्त पैशांभोवती फिरते. कोणी पैसे घेऊन व्हिडिओ केला, कोणी ते लपवलं, कोणी प्रामाणिकपणे सांगितलं. ही चर्चा व्हायलाच हवी, पण तिच्यात निम्मी गोष्ट निसटते. हा सगळा व्यवसाय वस्तू बाजारात येते त्या दिवसाभोवती बांधलेला आहे, आणि माणसं वस्तू वापरतात ती त्या दिवसानंतर. या क्षेत्रात ज्याला नाव कमवायचं आहे त्याने स्वतःच्या जुन्या शिफारशींकडे परत जायची सोय आधी करावी. ज्याने ती केलेली नाही त्याला आपण सुरेख बोलणारा माणूस म्हणावं, हरकत नाही. तज्ज्ञ म्हणू नये.

या व्यवसायाचा पाया ज्यांनी घातला त्यांच्यापासून सुरुवात करू. वॉल्ट मॉसबर्ग हे 'वॉल स्ट्रीट जर्नल'चे बातमीदार. संरक्षण खातं, परराष्ट्र धोरण असले विषय ते वर्षानुवर्षं सांभाळत होते. १७ ऑक्टोबर १९९१ रोजी त्यांनी नवं सदर सुरू केलं आणि पहिल्याच वाक्यात लिहिलं की पर्सनल कॉम्प्युटर वापरायला फार अवघड आहेत आणि यात तुमची काही चूक नाही. आज हे वाक्य साधं वाटेल. त्या काळी संगणकावर लिहिणारे बहुतेक लोक संगणकावर जीव असणाऱ्यांसाठी लिहीत. अडलेल्या, वैतागलेल्या, स्वतःलाच अडाणी समजणाऱ्या गिऱ्हाइकाच्या बाजूने उभं राहून कारखानदाराला जाब विचारणारा सूर नवा होता. मॉसबर्ग यांची आचारसंहिताही कडक होती आणि ती त्यांनी जाहीर करून ठेवली होती. ज्या कंपन्यांवर लिहायचं त्यांचे पैसे नाहीत, त्यांच्या खर्चाने प्रवास नाही, त्यांचे शेअर नाहीत, परीक्षणासाठी आलेली वस्तू परत. या भांडवलावर त्यांनी पुढची दोन दशकं काढली. दर गुरुवारी ते काय लिहितात याकडे मोठमोठ्या कंपन्यांचे मालक डोळे लावून बसत.

२००७ साली पहिला आयफोन विक्रीला येण्याआधी अमेरिकेतल्या ज्या चौघा पत्रकारांच्या हातात पडला त्यात मॉसबर्ग होतेच. त्याच वर्षी त्यांनी आणि पत्रकार कारा स्विशर यांनी बिल गेट्स आणि स्टीव्ह जॉब्ज यांना आपल्या परिषदेत एकाच मंचावर शेजारी-शेजारी बसवलं. दोघांनी मिळून २००३ पासून चालवलेली ती परिषद महागड्या तिकिटांवर आणि प्रायोजकांवर चाले. येणारे बरेचसे लोक याच उद्योगातले. मॉसबर्ग यांच्या सचोटीवर मला बोट ठेवायचं नाही, ठेवायला जागाही नाही. पण वैतागलेल्या गिऱ्हाइकाच्या बाकावर सुरू झालेला प्रवास मंचावरच्या, कारखानदारांच्या शेजारच्या लाल खुर्चीपर्यंत पोचला हे दिसतंच. यशस्वी तज्ज्ञाच्या वाट्याला हे जवळजवळ ठरलेलंच असतं. नाव झालं की वस्तू लवकर हातात येते, लवकर आली की नाव आणखी होतं, आणि या चक्रात 'लवकर' हाच गुण मोजला जायला लागतो. आपला सल्ला ऐकून आयफोन घेतलेल्या माणसाची बॅटरी तीन वर्षांनी किती टिकते हे विचारायला मंचावर कोणी येत नाही.

'न्यूयॉर्क टाइम्स'चे डेव्हिड पोग यांची गोष्ट वेगळी आणि बोधप्रद. ज्या उत्पादनांची परीक्षणं ते वर्तमानपत्रात लिहीत त्यांतल्या काहींवर त्यांची 'कसं वापरावं' सांगणारी पुस्तकंही बाजारात असत. उत्पादन खपलं तर पुस्तक खपणार. २००९ साली वर्तमानपत्राच्याच वाचक-प्रतिनिधीने या दुहेरी भूमिकेवर जाहीर लिहिलं आणि पुढे अशा परीक्षणांसोबत तसा खुलासा येऊ लागला. योग्यच झालं. फक्त असा खुलासा वाचून वाचक पुढे काय करतो, असा प्रश्न मला नेहमी पडतो. बहुतेक वेळा तो मनात म्हणतो, 'बघा, माणूस किती सरळ आहे, सगळं सांगून टाकलं,' आणि मग शिफारस आणखी विश्वासाने स्वीकारतो. हितसंबंध सांगितल्याने विरघळत नाहीत, वाचकाच्या मनातली शंका तेवढी विरघळते.

याच्या पलीकडची पायरी पिक्सेल ४ च्या निमित्ताने दिसली. गूगलच्या या फोनसाठी अमेरिकेतल्या 'आयहार्टमीडिया' या रेडिओ कंपनीच्या निवेदकांनी आपल्या आवाजात जाहिराती वाचल्या. 'माझा आवडता कॅमेरा', 'मी यावर असे-असे फोटो काढतो' असा सगळा प्रथमपुरुषी मामला. निवेदकांच्या हातात फोन आलेलाच नव्हता. जाहिराती ध्वनिमुद्रित झाल्या तेव्हा तो विक्रीलाही आला नव्हता. अशा जाहिराती जवळजवळ २९,००० वेळा वाजल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, आणि सात राज्यांनी दोन्ही कंपन्यांना धरलं आणि सुमारे ९४ लाख डॉलरवर प्रकरण मिटलं. गूगलच्या उलाढालीत ही रक्कम म्हणजे दर्यामें खसखस. पण या प्रकरणात विकला काय गेला हे नीट बघा. रोज सकाळी गाडीत सोबत करणारा ओळखीचा आवाज विकला गेला. तज्ज्ञतेचा दावासुद्धा नव्हता, नुसती ओळख पुरली.

आपल्याकडचा कायदा याच वाटेवर आहे आणि कागदावर तो वाईट नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची भलामण करणाऱ्याला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत, शिवाय भलामण करायला काही काळ बंदी. जून २०२२ मध्ये जाहिरातींसाठी सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं आली. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने समाजमाध्यमांवरच्या मंडळींसाठी वेगळी पुस्तिका काढली. तीत दोन गोष्टी आहेत ज्यांकडे मराठी प्रेक्षकाने लक्ष द्यावं. एक, जाहिरात असल्याचा खुलासा ज्या भाषेत भलामण केली त्याच भाषेत हवा. आपल्याकडे अर्धा तास झणझणीत वऱ्हाडी किंवा कोल्हापुरी मराठीत फोनचं कौतुक चालतं आणि कोपऱ्यात मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांत 'इन्क्लुड्स पेड प्रमोशन' येऊन जातं. 'ही जाहिरात आहे' हे तीन शब्द मराठीत उच्चारायला नेमकी कोणती अडचण असते मला कळलेलं नाही. दुसरी गोष्ट, स्वतः वापरलेल्या किंवा अनुभवलेल्या वस्तूचीच भलामण करावी.

पण किती दिवस वापरलेल्या? ते कुठेही नाही. माझे नऊ दिवस या कसोटीला उतरतात. फेडरल ट्रेड कमिशनच्याही उतरले असते. मावशीची हिरवी रेघ कोणत्याही नियमात सापडत नाही.

काही जण म्हणतात, पात्रतेची अट घाला. जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने २०२३ मध्ये पैशांबद्दल आणि आरोग्याबद्दल सल्ला देणाऱ्यांकडून नोंदणी आणि शैक्षणिक पात्रता मागितली, तशी गॅजेटवाल्यांकडूनही मागा. मला हे पटत नाही. मॉसबर्ग संरक्षण खात्याचे बातमीदार होते. मार्केस ब्राऊनली आज जगातला सर्वांत प्रभावी गॅजेट परीक्षक मानला जातो. त्याने २००९ मध्ये यूट्यूबवर व्हिडिओ टाकायला सुरुवात केली तेव्हा तो न्यू जर्सीतल्या शाळेत शिकत होता. आणि आपल्याकडचं 'फ्रीडम २५१' आठवा. फेब्रुवारी २०१६ मध्ये २५१ रुपयांत स्मार्टफोन देण्याची घोषणा झाली, पानभर जाहिराती आल्या, बुकिंगसाठी झुंबड उडून वेबसाइट कोसळली. पत्रकारांना दाखवायला दिलेल्या फोनवरचा पांढरा व्हाइटनर काहींनी नखाने खरवडला तेव्हा खाली दुसऱ्याच कंपनीचं, ॲडकॉमचं नाव निघालं. मुंबईचे तेव्हाचे खासदार किरीट सोमय्या यांनीही सरकारकडे चौकशी मागितली. त्या खरवडणाऱ्यांकडे इंजिनिअरिंगची पदवी होती की नव्हती, काय फरक पडतो? नख होतं.

पहिल्या दिवसाचं परीक्षण निरुपयोगी असतं असं मी म्हणत नाही. एप्रिल २०१९ मध्ये सॅमसंगचा १,९८० डॉलरचा घडीचा फोन परीक्षकांकडे गेला आणि दोन-तीन दिवसांत काहींचे डिस्प्ले निकामी झाले. कोणी वरचा पापुद्रा संरक्षक फिल्म समजून सोलला होता, कोणी काहीही केलेलं नव्हतं. कंपनीने विक्री पुढे ढकलली आणि फोन दुरुस्त होऊन सप्टेंबरात आला. ब्राऊनलीने एप्रिल २०२४ मध्ये 'ह्यूमेन' कंपनीच्या एआय पिनला, म्हणजे कपड्यावर लावून बोलून काम सांगायच्या उपकरणाला, आपण परीक्षण केलेलं सर्वांत वाईट उत्पादन म्हटलं. किंमत ६९९ डॉलर, वर दरमहा २४ डॉलर. तेव्हा त्याच्यावरच टीका झाली की एका नव्या कंपनीचा गळा असा घोटणं बरं नव्हे. फेब्रुवारी २०२५ मध्ये एचपीने त्या कंपनीची बरीचशी मालमत्ता ११ कोटी ६० लाख डॉलरना घेतली आणि महिनाअखेरीस सेवा बंद होऊन ग्राहकांच्या छातीवरच्या पिना निव्वळ बिल्ले होऊन राहिल्या. टीकाकारांचा कळवळा कोणासाठी होता, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. कंपनीच्या गुंतवणूकदारांकडे वकील असतात, ६९९ डॉलर मोजणाऱ्याकडे यूट्यूब असतं. पुढे मिळणाऱ्या अपडेटच्या आश्वासनावर वस्तू विकत घेऊ नका, आज ती जी आहे त्यावर घ्या, हे ब्राऊनलीचं नेहमीचं सांगणं मला या क्षेत्रातलं सर्वांत शहाणं वाटतं.

मात्र हा शहाणपणा परवडायला ब्राऊनलीएवढा प्रेक्षकवर्ग लागतो. लहान परीक्षकाची मान कुठे अडकलेली असते ते डिसेंबर २०२० मध्ये दिसलं. ऑस्ट्रेलियातल्या 'हार्डवेअर अनबॉक्स्ड' या चॅनेलला एनव्हिडियाने कळवलं की आता तुम्हाला आमची ग्राफिक्स कार्डं परीक्षणासाठी मिळणार नाहीत, कारण रे ट्रेसिंग (खेळांतला उजेड-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणं) या आमच्या आवडत्या वैशिष्ट्याला तुम्ही हवं तेवढं महत्त्व देत नाही. बोभाटा झाल्यावर कंपनीने माघार घेतली. ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलच्या 'टीम पिक्सेल' योजनेत फुकट फोन घेणाऱ्यांसाठीचा मजकूर बाहेर आला. इतर कंपन्यांचे फोन जास्त आवडताहेत असं दिसलं तर आपले संबंध संपतील, अशा अर्थाचा. गूगलने तोही मागे घेतला. या दोन्ही गोष्टी उघडकीला आल्या त्या कोणीतरी कागद बाहेर दाखवला म्हणून. एरवी काही लिहून द्यावंच लागत नाही. पुढच्या वेळी कुरियर येत नाही, एवढंच होतं. मी एकदा एका फोनला 'गरम होतो, उन्हाळ्यात घेऊ नका' असं लिहिलं होतं. त्या एजन्सीतली अत्यंत गोड बोलणारी मुलगी त्यानंतर सहा महिने 'सर, युनिट्स कमी आहेत' म्हणत राहिली. खरंच कमी असतीलही.

आणि परीक्षक धीट असून भागत नाही, मालकही धीट लागतो. जानेवारी २०१३ मध्ये 'सीनेट' (CNET) या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाच्या संपादकांनी 'डिश' कंपनीच्या एका टीव्ही रेकॉर्डरला लास व्हेगासच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनातला सर्वोत्तम ठरवलं होतं. सीनेटची तेव्हाची मालक टीव्ही कंपनी सीबीएस आणि डिश यांचा कोर्टात खटला चालू होता. सीबीएसने तो पुरस्कार द्यायला मनाई केली आणि एका बातमीदाराने राजीनामा दिला. आपल्या मराठी दैनिकांत हे इतकं नाट्यमय होत नाही. दसरा-दिवाळीच्या पुरवण्या मोबाइल दुकानांच्या जाहिरातींवर निघतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे मनाई करायची वेळच येत नाही. मला लेखामागे मिळणाऱ्या मानधनात एका फोनचं कव्हर आलं असतं, फोन नाही. मग कंपनीच्या उसन्या फोनवर लिहिण्यावाचून गत्यंतर काय? मानधनाचा हा आकडा आणि वाचकाला मिळणारा सल्ला यांचा थेट संबंध आहे, आणि संपादकांशी याबद्दल कधी बोललो नाही ही माझीही चूक.

आता मूळ मुद्दा. जुन्या शिफारशीकडे परत कोणी का जात नाही? कारण त्यात पैसा नाही. वस्तू यायच्या दिवशी लाखो लोक शोधत असतात. व्हिडिओखालच्या दुव्यावरून कोणी खरेदी केली तर कमिशन मिळतं. चौदा महिन्यांनी तो फोन दुकानातून गेलेला असतो, त्याच्या नावात एक आकडा वाढून नवा आलेला असतो. 'एक वर्ष वापरल्यानंतर' असा व्हिडिओ कोण बघणार? ज्यांनी घेतला ते, आणि ते आता काही विकत घेणार नसतात. म्हणजे गिऱ्हाईक म्हणून ज्याची किंमत संपली त्याच्यासाठी मजकूर तयार होत नाही. मावशी त्या वर्गात मोडते.

ज्या संस्थांनी यावर उत्तर काढलं त्यांनी पैशाची वाटच बदलली. अमेरिकेतली 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' १९३६ पासून आहे. जाहिराती घेत नाही, वस्तू दुकानातून सामान्य गिऱ्हाइकासारख्या विकत आणते आणि वाचकांच्या वर्गणीवर व देणग्यांवर चालते. जुलै २०१० मध्ये तिने आयफोन ४ ची शिफारस करायला नकार दिला, कारण फोन विशिष्ट ठिकाणी धरला की सिग्नल पडायचा. चार दिवसांत स्टीव्ह जॉब्ज यांना पत्रकार परिषद घेऊन फुकट कव्हरं वाटायची घोषणा करावी लागली. २०१६ च्या डिसेंबरात तिने बॅटरीच्या वागण्यावरून ॲपलच्या मॅकबुक प्रो लॅपटॉपची शिफारस नाकारली. मग ॲपलला आपल्या सफारी ब्राउझरमध्ये एक दोष सापडला, तो दुरुस्त झाला, संस्थेने पुन्हा चाचण्या घेतल्या आणि जानेवारी २०१७ मध्ये आपलाच निकाल बदलून तसं जाहीर सांगितलं. मला पहिल्यापेक्षा हे दुसरं उदाहरण मोलाचं वाटतं. शिवाय ही संस्था आपल्या सभासदांना नियमितपणे विचारते की तुमच्या घरातली गाडी, फ्रिज, वॉशिंग मशीन किती वेळा बिघडलं. प्रयोगशाळेत जे कळत नाही ते हजारो स्वयंपाकघरांत कळतं.

जर्मनीत याच कामासाठी १९६४ मध्ये सरकारी पुढाकाराने 'श्टिफ्टुंग वारेनटेस्ट' निघाली. आपल्याकडे पैशांची चणचण होती पण कल्पनेची नव्हती. १९६६ मध्ये मुंबईत नऊ स्त्रियांनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी काढली. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत शेजाऱ्यापाजाऱ्यांचे गट करून महिन्याचा किराणा एकत्र आणते, वाटते आणि भेसळीवर, वजनावर भांडते. ज्या मराठी मध्यमवर्गाने तूरडाळ अशी घासाघीस करून आणली तोच पंचवीस हजारांचा फोन एका अनोळखी मुलाच्या आठ मिनिटांच्या व्हिडिओवर घेतो, याचं मला राहून राहून नवल वाटतं. डाळ महिन्याभरात संपते, फोन बिचारा चार वर्षं सोबत असतो.

इथे मराठी तज्ज्ञाला, मग तो सदर लिहीत असो की व्हिडिओ करत असो, एक संधी आहे जी कोणत्याही कंपनीच्या कुरियरवर अवलंबून नाही. ज्याचे पन्नास हजार प्रेक्षक आहेत त्याच्याकडे पन्नास हजार फोन चाचणीला आहेत. बीडच्या उन्हात, महाबळेश्वरच्या पावसात, लोकलच्या गर्दीत, शेतातल्या धुळीत, रोज. फक्त विचारायचं आहे. दर सहा महिन्यांनी चार प्रश्न: कोणता फोन, किती दिवसांपासून, काय बिघडलं, सर्व्हिस सेंटर किती लांब आणि किती पैसे गेले. हिरव्या रेघेच्या तक्रारी देशभरातले लोक वर्षभर एकमेकांना सांगत होते, फोटो टाकत होते. माझ्या सदराच्या वाचकांतही असे कितीतरी असणार. मी त्यांना कधी विचारलं नाही. वाचकांची पत्रं यायची ती 'पुढचा कोणता घेऊ' म्हणून, आणि मी उत्साहाने पुढचा सांगायचो.

अर्थात अशा माहितीत खोट असते. तक्रार असलेलाच माणूस जास्त बोलतो, फोन आपटून फोडलेला 'आपोआप बंद पडला' म्हणतो. तेव्हा याला शास्त्रीय पाहणी म्हणू नये. तरीही नऊ दिवसांपेक्षा ती किती तरी भरवशाची.

यावर एक आक्षेप मी स्वतःच स्वतःवर घेतो. गिऱ्हाइकाला आज उत्तर हवं असतं. मुलीची बारावी झाली, कॉलेज सोमवारी सुरू होतंय, तिला चौदा महिने थांब म्हणायचं का? नाही. पण आजच्या फोनबद्दलसुद्धा पहिल्या दिवशी विचारता येतील असे प्रश्न आहेत, आणि ते कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलइतके चमकदार नसल्याने विचारले जात नाहीत. अपडेट किती वर्षं देणार? गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला सात वर्षं सांगितली, सॅमसंगने २०२४ मध्ये आपल्या महागड्या एस मालिकेला तेवढीच. मग पंधरा हजारांच्या फोनला किती, हे प्रत्येक परीक्षणाच्या पहिल्या परिच्छेदात यायला हवं. मूळ बॅटरी बदलायला किती खर्च? डिस्प्ले केवढ्याला? जवळचं अधिकृत सर्व्हिस सेंटर तालुक्याला की पुण्याला? युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या स्मार्टफोनना अट घातली आहे की बॅटरीत ८०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावरही ८० टक्के क्षमता उरली पाहिजे, आणि त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतर सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. युरोपात जे सक्तीने विचारलं जातं ते इथे निदान एखाद्या सदरकाराने सौजन्याने विचारायला कोणाची परवानगी लागत नाही. कंपनीने उत्तर दिलं नाही तर 'विचारलं, उत्तर आलं नाही' असं छापावं. आणि शेवटी, ठळक अक्षरांत, 'हा फोन मी नऊ दिवस वापरला आहे.'

उसना फोन नको असेल तर दुकानातून विकत घ्यावा आणि महिन्याने विकावा. वीस हजारांच्या फोनवर चार-पाच हजारांची खोट बसते. एकट्याला ती जड आहे, दैनिकाला नाही. चॅनेलवाल्यांनी वर्गणीदारांकडून महिन्याला पन्नास रुपये मागून पाहावेत. लोक देत नाहीत असं म्हणतात. लोकांना आजवर मागितलंय ते 'चॅनेलला सपोर्ट करा' म्हणून. 'मी विकत आणलेल्या फोनचं बिल दाखवतो आणि दोन वर्षं त्याचा हिशेब देतो, त्यासाठी पन्नास द्या' असं मागणारा मराठीत माझ्या पाहण्यात तरी नाही.

मी सदर बंद केलं त्याला आता बराच काळ झाला. मावशी तोच फोन वापरते. रेघेच्या डावीकडचं आणि उजवीकडचं वाचायची तिला सवय झाली आहे, भिशीच्या ग्रुपवर आलेल्या फोटोंतला मधला माणूस मात्र कायम हिरवा दिसतो. मागच्या दिवाळीत तिला मिक्सर घ्यायचा होता. मी दोन-तीन मॉडेलं काढून ठेवली होती, वॅट, जार, फेरे, सगळं. तिने आधीच आणला होता. शेजारच्या शिंदेकाकूंकडे आठ वर्षं चालू असलेला, चटणी वाटताना पलीकडच्या वाड्यापर्यंत ऐकू जाणारा, तोच.